चाकणच्या बसमधली पाथरपेठ

कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी इंजिनावर जे झाकण असतं, त्यावर बसायला कुणी राजी नसतं. उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापतं आणि गिअर पडला की अंगातली हाडं वाजतात. कस्तुरा मात्र स्वखुशीनं तिथं बसायची. तिच्या गुडघ्याला तो शेक मानवायचा, हे एक. दुसरं असं, की तिथं बसलं की पाठ रस्त्याकडे होते आणि तोंड माणसांकडे. रस्ता तिनं पुष्कळ पाहिला होता. बस रहाटणीहून निघायची, पिंपरीत कस्तुरा चढायची, मग भोसरी, मोशी, इंद्रायणीवरचा पूल, आणि चिंबळी फाट्यापासून पुढे एकामागे एक उभे कंटेनर. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. माणसांची तोंडं मात्र रोज निराळी असायची. कुणी अर्धवट झोपेत, कुणी घरी भांडून आलेली, कुणी उगीचच खूश.

चाकणच्या त्या कंपनीत कस्तुरा हार्नेस लाइनवर होती. मोटारीच्या पोटातून वायरींची जी लांबलचक वेणी जाते, ती घालायचं काम. लांब पाटावर रंगीत वायरी मांडायच्या, टेप गुंडाळत जायचं, टोकांना कनेक्टर दाबायचे. लाइनवर सगळ्या बायाच. साहेब लोकांचं म्हणणं, बायकांची बोटं नाजूक असतात. कस्तुराची बोटं अजिबात नाजूक नव्हती, पण ती चुकत नसत, आणि चुकली तर ती तसं मोठ्यानं सांगत असे. तिच्या आवाजामुळे ते पलीकडच्या शेडपर्यंत ऐकू जायचं.

तो आवाज बापाचा होता. बाप कोंडीराम पिंपरीत फाउंड्रीत होता. दिवसभर भट्टीपुढे, आणि आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागला की तीन महिने रोज संध्याकाळी वस्तीतल्या विहारात. वर्षावासात तिथं बुद्धाच्या चरित्राचा आणि शिकवणीचा ग्रंथ वाचला जाई, आणि वाचणारा कोंडीराम असे. अंगात पांढरे कपडे, समोर चौरंगावर ग्रंथ, फुलं, मेणबत्ती. भट्टीनं भाजलेल्या चेहऱ्याचा तो माणूस आसनावर बसला की वेगळाच दिसायचा. दिवसाचा भाग संपला की सगळे हात जोडून तीन वेळा ‘साधु, साधु, साधु’ म्हणत. म्हणजे ऐकलं, पटलं, घेतलं. कोंडीरामचा एक दंडक होता. तो म्हणायचा, वाचणाऱ्यानं आपली अक्कल चपलेबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी. पदरचं घालायचं नाही, पटत नाही म्हणून गाळायचं नाही.

पहिल्या रांगेत बसून कस्तुरा हे सगळं बघायची. शाळेत बाई विचारायच्या, मोठेपणी काय होणार? पोरी नर्स म्हणायच्या, मास्तरीण म्हणायच्या. कस्तुरा म्हणायची, वाचणार. बाई हसायच्या.

कोंडीराम गेल्यावर आसन एका पुरुषाकडून दुसऱ्या पुरुषाकडे जात राहिलं. सतरंज्या भरायच्या त्या बायकांनीच, पण आसनावर बाई बसली नव्हती. तसा काही नियम नव्हता. नियम नव्हता म्हणून तो मोडताही येत नव्हता. कस्तुराचं लग्न झालं, नवऱ्याची कंपनी बंद पडली, तो एका सोसायटीच्या गेटवर बसायला लागला, मुलं आपापल्या मार्गाला लागली. ती इच्छा मात्र तिनं सोडली नाही आणि कुणाला बोलूनही दाखवली नाही.

बसमधलं वाचन सुरू झालं ते दिव्यामुळे. दिव्या लातूरकडची, लाइनवर नवी. तिचं लग्न ठरायचं होतं, आणि ठरायच्या आत तिला जगातली सगळी पुस्तकं वाचून टाकायची होती. एक दिवस ती उशीएवढं जाड पुस्तक छातीशी धरून बसमध्ये चढली आणि मोशीच्या आतच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय गं, काय झालं?” कस्तुरानं विचारलं.

“बसमध्ये वाचलं की मळमळतंय काकू. अन् रात्री वाचू देत नाहीत. रूमवरच्या पोरी लाइट बंद करतात.”

“आण इकडं.”

पुस्तकाचं नाव ‘पाथरपेठ’. नऊशेच्या वर पानं. निघाल्यापासून त्यावर भांडणं चालली होती. कुणी म्हणे, मराठीत असं काही झालंच नव्हतं. कुणी म्हणे, हा इतिहासाचा खून आहे. मोबाइलवर त्याची पानं फाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत आणि त्याच पानांवर डोकं ठेवून रडणाऱ्यांचेही. कस्तुराला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं पहिलं पान उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागली. बसमधले मोबाइल एकेक करत गप्प झाले.

चाकणच्या ट्रॅफिकला लोक शिव्या घालतात. पण एवढी कादंबरी उभ्या बसमध्ये वाचून होते ती त्या ट्रॅफिकच्याच कृपेनं. कुरुळीपाशी बस थांबली की एखादं प्रकरण सहज उरकायचं. गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची. घाटाखाली पाथरपेठ नावाचं व्यापारी गाव, डोंगरात कोरलेलं विहार, विहाराच्या पायथ्याशी धान्याचं कोठार. गावोगावचे व्यापारी आपलं धान्य विश्वासानं तिथं ठेवत. कोठाराची किल्ली नंदिल नावाच्या भिक्खूकडे. पहिल्या दोनशे पानांत नुसते लमाण आणि बैल चालत होते.

“चाळीस पानं झाली, बैल अजून घाटातच,” चारुलता मॅडम तिसऱ्या सीटवरून म्हणाल्या. त्या अकाउंट्सला होत्या, रहाटणीहून यायच्या. घरात पुस्तकांचं कपाट होतं आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल मत होतं.

“घाटात बैल असाच चालतो मॅडम,” धोंडीबा ड्रायव्हर पुढूनच म्हणाला. तो मोशीचा जुना माणूस. बापाच्या शेतात आता अकरा मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या, आणि तो त्यांच्या समोरून रोज कंपनीची बस न्यायचा. “लेखकानं बैल बघितल्याला हाय. तुमी न्हाई बघितला.”

“बैल बघितला असेल. इतिहास बघितलाय का? त्या काळात असं कोठार होतं याला पुरावा काय?”

“कादंबरीय ती मॅडम,” दिव्या म्हणाली.

“ऐतिहासिक म्हणायचं आणि पुरावा मागितला की कादंबरी म्हणायचं! बरंय की.”

असं रोज चाले. दोन तट पडले. आपोआप बसायच्या जागाही बदलल्या. ज्यांना पुस्तक आवडायचं त्या डावीकडच्या रांगेत, नावडायचं त्या उजवीकडे. मधल्या दांड्याला धरून ज्या उभ्या राहायच्या, त्यांचं मत ज्या बाजूला बस कलेल त्या बाजूला कलायचं. गंमत अशी, की नावडणाऱ्यांतल्या एकीनंही कधी कानात हेडफोन घातला नाही. धोंडीबाला कुरुळी गावातून जाणारा आतला रस्ता माहीत होता, ज्यानं ट्रॅफिक टळायचा. एके दिवशी तो तिथं वळलाच नाही.

“धोंडीबा, आत वळायचं होतं ना? पंचिंगला उशीर होईल,” चारुलता मॅडम ओरडल्या.

“वळलो असतो मॅडम. पर घाटात आता दरोडा पडायचा हाय. आतल्या खड्ड्यात बाईंचं पान हलतंय.”

कस्तुरा प्रत्येक प्रकरण घरी आधी एकदा मनात वाचून ठेवायची. वाचताना अडखळू नये म्हणून. पुस्तक अर्धं झालं आणि वैशाख पौर्णिमा आली. त्या दिवशी विहारात सगळी वस्ती जमलेली असताना कमिटीचे अध्यक्ष बुद्धरत्न उभे राहिले. कस्तुरा त्यांना दादा म्हणायची; तरुणपणी ते कोंडीरामच्या शेजारी बसून ग्रंथाची पानं उलटायला मदत करायचे. ते म्हणाले, “आपले नेहमीचे वाचणारे मुलाकडे नाशिकला गेले. यंदा वर्षावासात वाचन कस्तुरा करील. कोंडीरामबाबांची मुलगी.”

टाळ्या पडल्या. कस्तुरा घरी आली ती लांबच्या रस्त्यानं. दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं पांढरी साडी घेतली. काठही पांढरेच.

आणि मग ते किल्लीचं प्रकरण आलं.

पाथरपेठेत दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहाराच्या पायऱ्यांवर माणसं मरून पडताहेत आणि पायथ्याशी कोठार भरलेलं आहे. धान्य व्यापाऱ्यांचं. नंदिल हळूहळू कोठार उघडतो. पोती रिकामी होतात, माणसं जगतात. एक दिवस व्यापारी येतात. कोठार भरलेलं आहे ना, असं विचारतात. नंदिल दगडी दारावर हात ठेवतो आणि म्हणतो, भरलेलं आहे. आयुष्यात कधी खोटं न बोललेला भिक्खू एवढंच बोलतो. त्याच्या शब्दावर व्यापारी दार न उघडता परत जातात.

बस चिंबळीपाशी उभी होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. कस्तुराचा आवाज जड झाला होता, पण कुठं थांबला नाही. शेवटचं वाक्य संपलं. उजवीकडच्या रांगेतही कुणी हललं नाही. आणि तिला काही कळायच्या आत तिनं पुस्तक मिटलं, हात जोडले, आणि तिच्या तोंडून निघालं, “साधु.”

वस्तीतल्या ज्या चार-पाच जणी बसमध्ये होत्या त्यांचे हात आपसूक जुळले. दुसऱ्या वेळी त्यांचाही आवाज मिसळला. तिसऱ्या वेळी अर्धी बस म्हणाली, ज्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता त्यांनीही. धोंडीबानं स्टिअरिंगवरचा हात उचलून कपाळाला लावला.

पिंकी मागच्या सीटवरून मोबाइलवर शूटिंग घेत होती. ती वस्तीतलीच, कस्तुराच्या चाळीतली. तिला फार अभिमान वाटला. तिनं व्हिडिओ विहाराच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, आपल्या कस्तुराताई.

रविवारी सकाळी बुद्धरत्न घरी आले. कस्तुरा मेथी निवडत बसली होती.

“जय भीम, दादा. बसा.”

“जय भीम.” ते बसले. चहा नको म्हणाले, तेव्हाच तिला कळलं.

“व्हिडिओ बघितला.”

“पिंकीनं टाकलाय.”

“कुणी टाकला ते विचारत नाही. साधु कशाला म्हणालीस?”

“सवयीनं गेलं तोंडातून.”

“कशाला म्हणालीस, कळलं का? चीवर घातलेला माणूस दारावर हात ठेवून खोटं बोलला, त्याला. ग्रंथाला जे म्हणायचं ते त्याला.”

कस्तुरानं मेथीची काडी मोडली. ही चूक होती, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, बसमध्येच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

“दादा,” ती म्हणाली, “पुस्तक वाचलंय तुम्ही?”

“दोनदा.”

तिला वाटलं होतं, नाही म्हणतील. मग तिला पुढचं सोपं गेलं असतं.

“दोनदा कशाला?”

“पहिल्यांदा चुकून आवडलं, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं.” ते हसले नाहीत. “पोरं रोज पंचशील म्हणतात. खोटं बोलणार नाही, म्हणतात. आणि हा लेखक काय करतो? खोट्याला असं सजवतो की आपल्या डोळ्यांत पाणी यावं. आपल्याला रडवून आपल्याच शिलाला सुरुंग लावतो. मला पुस्तकानं टोचायला नको, कस्तुरा. टोचायला आयुष्य आहे. पुस्तकाचा मला आधार पाहिजे.”

या माणसाला हसण्यावारी नेता येत नव्हतं.

“कमिटीत सगळे चिडलेत,” ते उठत म्हणाले. “मी धरून ठेवलंय. आषाढ पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मीटिंग आहे. तिथं ये आणि सांग, बसमधलं वाचन बंद केलं. एवढंच. मग आसन तुझंच.”

सोमवारी पुस्तक पिशवीतच राहिलं. “आज नको,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तोंड रस्त्याकडे करून बसली. थोड्या वेळानं बसमध्ये दहा मोबाइलवर दहा गाणी वाजायला लागली. त्या आवाजात कुणाला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि कुणाला काही ऐकायचंही नव्हतं. कस्तुराला वाटलं, पुस्तक नसतानाची बस अशीच होती. आपल्याच लक्षात नव्हतं.

चारुलता मॅडम दांडा धरत पुढे आल्या. “कस्तुराताई, काय झालं?”

तिनं सगळं सांगितलं. आसनाचंही सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणापाशी ते बोलली, आणि तेही इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, त्यामुळे सगळ्या बसला कळलं.

दिव्या रडवेली झाली. “सोडा ना मग काकू. मी वाचीन कसंतरी. तुमचं आसन कामून घालवता माझ्यापायी?”

“ताई, नंदिलचं तेवढं गाळा,” पिंकी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “बाकीचं वाचा.”

“मंग ऱ्हातंय काय?” धोंडीबा म्हणाला. “बैलं?”

बस हसली. चारुलता मॅडम हसल्या नाहीत. “हे बघा, मला हे पुस्तक पटत नाही. तिसऱ्या प्रकरणापासून पटत नाही. उद्या हा लेखक भेटला तर मी त्याला चांगलं सुनावणार आहे. पण तुम्ही मध्येच थांबलात तर माझं भांडण अर्धं राहील. तुमचं काय ते तुम्ही ठरवा. मी मला काय वाटतं ते सांगितलं.” आणि त्या जाऊन बसल्या.

कस्तुरा बराच वेळ समोरच्या कंटेनरचं मागचं दार बघत राहिली. गाळायचं नाही हा बापाचा दंडक. पण त्याच बापाचा आवाज ग्रंथातल्या गृहत्यागाच्या जागी दरवर्षी चिरकायचा. अक्कल बाहेर काढून ठेवणारा माणूस आवाज मात्र आत घेऊन यायचा, आणि त्या आवाजात सगळी अक्कल असायची. लोक नुसता ग्रंथ ऐकायला येत नव्हते. भट्टीपुढचा एक माणूस तो ग्रंथ वाचतो आहे, हे ऐकायला येत होते. वाचणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. वाचणं म्हणजे समोरच्यासाठी ते पान जिवंत ठेवणं. मग त्यानं मान डोलवावी, नाहीतर भांडावं. विहारात बसणाऱ्यांना पुढे काय येणार ते ठाऊक असतं. तेच पुन्हा ऐकायला ते येतात. बसमधल्यांना पुढचं ठाऊक नाही. दोन्ही ऐकणंच. यांतलं एक दुसऱ्याचं शत्रू आहे, हे तिला कुठूनही पटेना.

आसन तिला हवं होतं. अजूनही हवं होतं. पण अर्धं सोडलेलं पुस्तक पिशवीत घेऊन ती त्यावर बसली असती, तर ग्रंथही तिच्या तोंडून अर्धाच निघाला असता.

तिनं तोंड पुन्हा माणसांकडे केलं आणि पुस्तक काढलं. गाणी बंद झाली. प्रकरण संपलं तसे पिंकीचे हात सवयीनं वर आले.

“हात खाली,” कस्तुरा म्हणाली. “कादंबरीय ही.”

मीटिंगला विहारात कमिटीचे सगळे जण होते. कस्तुरा वंदना करून उभीच राहिली.

“साधु म्हणाले, ती चूक,” ती म्हणाली. “ते जिथलं तिथंच म्हणायचं. त्याबद्दल माफी मागते, आणि पुन्हा होणार नाही. पण वाचन बंद करणार नाही. पुस्तक पूर्ण होईतो वाचणार. न गाळता.”

“मग आसन?” एक जण म्हणाला.

“आसन मला पाहिजे. लहानपणापासून पाहिजे. पण पुस्तक टाकून दिलेली कस्तुरा तुम्हाला त्याच्यावर बसवायची असेल, तर ती बाई माझ्याजवळ नाही.”

कुणीतरी म्हणालं, बाईला बोलायला फार येतं. कुणीतरी म्हणालं, बापाचं नाव घालवलं. बुद्धरत्ननी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चौरंग स्वतःच्या हातानं सरळ केला. मग म्हणाले, “यंदा मीच वाचतो.”

“वाचा दादा,” ती म्हणाली. “मी ऐकायला येईन.”

ती बाहेर आली. रस्त्यावर भाजीच्या गाड्या, वडापावचा धूर, कामावरून परतणाऱ्यांची गर्दी. नेहमीसारखं सगळं. तिला वाटलं होतं, छातीत काहीतरी मोडेल. दुखलं, पण मोडलं नाही. घरी येऊन तिनं दुसऱ्या दिवशीचं प्रकरण मनात वाचून ठेवलं.

आषाढ पौर्णिमेच्या संध्याकाळी तिनं नवी पांढरी साडी घडी मोडून नेसली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. बुद्धरत्ननी वाचायला सुरुवात केली. ते भराभर वाचायचे, पूर्णविराम गिळायचे, चष्मा सारखा वर ढकलायचे. शेजारच्या म्हातारीनं कस्तुराला कोपर मारलं. “तू असतीस तर...”

“ऐका मावशी,” ती म्हणाली.

आणि तिनं ऐकलं. मनात त्यांचे पूर्णविराम भरून काढायचा मोह झाला. तो तिनं आवरला. त्यांचं वाचन त्यांचंच राहू दिलं. भाग संपला, आणि तीन वेळा साधु म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तिला त्यात काही कमी ठेवायचं नव्हतं.

लोक पांगले. दाराशी चपला शोधताना बुद्धरत्न शेजारी येऊन उभे राहिले. एक चप्पल पायात, दुसरी हातात.

“कुठवर आलंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“काय?”

“बसमध्ये.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिला उमगलं की या अख्ख्या वस्तीत ‘पाथरपेठ’ शेवटापर्यंत वाचलेली माणसं दोनच आहेत. इतके दिवस हा माणूस त्या पुस्तकाशी एकटाच भांडत होता.

“पाऊस पडायला लागलाय पाथरपेठेत,” ती म्हणाली. “थोडंच राहिलंय. मी घरी शेवट वाचलाय.”

“मग सांग. नंदिल शेवटी व्यापाऱ्यांना गाठून कबुली देतो, चीवर उतरवतो आणि निघून जातो. बरोबर केलं त्यानं?”

“बरोबरच केलं. खोटं बोलला होता ना? सांगायलाच पाहिजे.”

“कशाला?” बुद्धरत्नचा आवाज चढला. आसनावर असताना चढला नव्हता इतका. “माणसं जगवली त्यानं! कोणापुढं मान खाली घालायची? ज्यांनी पायऱ्यांवरची प्रेतं ओलांडून कोठाराची चौकशी केली त्यांच्यापुढं? लेखक भ्याला शेवटी. मला कबुली वाचून संताप आला होता.”

“दादा, तुम्ही तर म्हणत होता, भिक्खूला खोटं बोलायला लावलं म्हणून...”

“ते वेगळं. बोलायलाच नको होता. पण बोलला ना? मग टिकायचं त्यावर.”

“हे तुम्ही कमिटीत नाही बोललात.”

“तू तरी कुठं बोललीस, कबुली बरोबर म्हणून?”

ती हसली. मोठ्यानं, बापाच्या आवाजात. आत दिवे मालवणारा माणूस दाराशी येऊन बघून गेला.

“पुढच्या वर्षी आसन मी मागणार आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. आधीच सांगून ठेवते.”

“आणि तोवर बसमध्ये दुसरं कुठलं पुस्तक काढलंस तर?”

“काढणारच. तेही तुम्हाला आवडायचं नाही.”

बुद्धरत्ननी हातातली चप्पल खाली टाकून पायात सरकवली, पण ते निघाले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“कबुलीचं सांग आधी,” ते म्हणाले. “का द्यायची?”